मडक्यांची गच्ची

आमच्या कॉलेजला हरित परिसराचं पदक मिळालं. ते ऑफिसच्या काचेच्या कपाटात, क्रिकेटच्या दोन ढालींच्या मध्ये ठेवलेलं आहे. ते मिळवायला एक अहवाल पाठवावा लागतो. तो मी लिहिला होता. मराठीचा प्राध्यापक, भाषा बरी, म्हणून असली कामं माझ्याच गळ्यात पडतात. तेव्हा नामदेव तायडेंविषयी लिहिण्याचा मला कितपत अधिकार आहे, ते मी जाणून आहे. पण दुसरं कुणी लिहिणार नाही. आणि खोटं लिहायचा हात बसलेल्या माणसाने एकदा खरं लिहून बघायला हरकत नसावी.

तायडे आमच्या अमरावतीच्या कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहायक होते. मूर्तिजापूरजवळच्या एका खेड्यातले. बी.एस्सी. झालेले, पण जागा निघाली ती सहायकाची, म्हणून सहायक. मुली त्यांना सर म्हणत. आम्ही प्राध्यापक नुसतं तायडे म्हणायचो. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा माणूस मला पाठक सर म्हणायचा आणि मी त्याला तायडे म्हणायचो. हे आम्हा दोघांनाही खटकत नाही, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो.

उंच, वाळलेला माणूस. पांढरा बुशशर्ट, खिशात पेनाच्या जागी टेस्टर. कुठल्याही खोलीत शिरले की आधी भिंतीला हाताची पाठ लावायचे, तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावतात तशी. मग वर बघायचे आणि म्हणायचे, "तवा हाय बाप्पा." सिमेंटच्या स्लॅबला ते तवाच म्हणत. "आपल्या इकळे चार महिने उन्हाळा, अन् आपुन डोक्यावर तवा ठेवतो. मंग त्याच्याखाली कूलर लावतो. थो पुरत नाही म्हून एसी. पयले चूल पेटवाची अन् मंग तिच्यासमोर बसून वारा घ्याचा."

त्यांच्या वडिलांचं घर धाब्याचं होतं, म्हणजे लाकडाच्या पाटणीवर पांढऱ्या मातीचा जाड थर दिलेलं. तिथे मे महिन्यात भर दुपारी पांघरूण लागायचं, असं ते शपथेवर सांगत. मी एकदा विचारलं, "मग तुम्ही स्वतः सिमेंटचं कशाला बांधलं?" तायडे हसले. "बायको म्हणे, लोकं काय म्हणतीन? नोकरीवाला हाय अन् मातीत राहून राहिला. मायी बी हिंमत नाही झाली सर."

तास संपले की ते रिकाम्या वर्गांमधून फिरून पंखे बंद करायचे. पोट्टे मुद्दाम सगळे पंखे लावून जायचे आणि कोपऱ्यावर उभे राहून मजा बघायचे. संस्थेचे सचिव भाऊसाहेब, म्हणजे कॉलेजचे खरे मालक, एकदा म्हणाले, "तायडे, विजेचं बिल काय तुमच्या पगारातून कापतो आम्ही?" तायडेंची थोरली बहीण कोळशावरच्या एका वीज केंद्राजवळच्या गावात दिलेली होती. ते म्हणाले, "बटन इथं दाबल्या जाते साहेब, पण राख माह्या बहिणीच्या कुरडयाईवर पडते." भाऊसाहेबांनी हे वाक्य पुढे वर्षभर विनोद म्हणून सांगितलं. आम्हीही हसायचो. ते ज्या सुरात सांगायचे त्या सुरात हसणं भागच होतं.

आमचं सभागृह बांधलं तेव्हाची गोष्ट. आर्किटेक्ट बाहेरचा, नामांकित. पश्चिमेला सगळी काच, आणि ती न उघडणारी. उद्घाटन एप्रिलमध्ये. एसी अजून यायचे होते म्हणून चार मोठे कूलर आणून लावले. वऱ्हाडातलं शेंबडं पोरही जाणतं की कूलरला समोरची खिडकी उघडी लागते, नाहीतर खोलीची न्हाणी होते. सभागृहाला उघडायला खिडकीच नव्हती. अर्ध्या तासात पाहुण्यांचा सदरा अंगाला चिकटला, सरस्वतीच्या फोटोवर दव आलं. भाऊसाहेब प्रास्ताविक करत होते, पर्यावरणाबद्दलच. तेवढ्यात मागून करकर आवाज यायला लागला. तायडे स्टुलावर चढून टेस्टरने काचेच्या चौकटीचे स्क्रू काढत होते. एक काच उतरवून त्यांनी भिंतीला टेकवली, खाली उतरले आणि हात पुसले. वारा फिरला. श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या. भाऊसाहेबांना वाटलं भाषणाला आहेत, ते अजून दहा मिनिटं बोलले. दुसऱ्या दिवशी तायडेंना संस्थेच्या मालमत्तेची मोडतोड केल्याबद्दल मेमो मिळाला. तो त्यांनी प्रयोगशाळेत उष्णतावहनाच्या तक्त्याशेजारी चिकटवून ठेवला.

पण माणूस म्हणून तायडे मला खरे कळले ते मुलींच्या वसतिगृहाच्या गच्चीमुळे.

वसतिगृहाच्या वरच्या मजल्यावर आठ खोल्या. उन्हाळ्यात तिथल्या मुली ओल्या ओढण्या अंगावर घेऊन अभ्यास करायच्या. कूलर होते, पण नळाला पाणी एक दिवसाआड, ते कूलरला कुठून पुरणार? परीक्षा मात्र नेमक्या तेव्हाच. तायडेंनी दक्षिणेकडच्या एका सहलीत जुन्या घरांवर मडकी पालथी घातलेली पाहिली होती. स्लॅबवर मडकी पालथी, शेजारीशेजारी मांडायची, मधल्या फटींत वाळू आणि विटांचा चुरा भरायचा, वरून चुन्याचा थर आणि त्यावर पांढऱ्या फरशीचे तुकडे. मडक्यात कोंडलेली हवा ऊन खाली येऊ देत नाही. वीज नाही, पाणी नाही. एकदा करून ठेवलं की विसरून जायचं. स्टाफरूममध्ये पालथ्या घड्यावर पाणी म्हणून जे काही विनोद व्हायचे ते झाले. भाऊसाहेबांनी स्वस्तातलं प्रकरण म्हणून होकार दिला.

मडकी परतवाड्याच्या कुंभाराकडून आणली. मयताच्या मडक्याचा भाव करत नाहीत. म्हणून तायडेंनी मुद्दाम तासभर घासाघीस केली, म्हणजे कुंभाराच्या मनात काही यायला नको. इतका विचार केलेल्या माणसाने पुढे मात्र मोठी चूक केली. गच्चीवर मडकी मांडायला त्यांनी मुलींनाच बोलावलं. "बी.एस्सी.च्या पोरी हायत, हवेचा थर समजते त्याईले," ते म्हणाले. "आपल्या हातानं ठेवलं म्हंजे भेव राहात नाही." मुलींना मजा आली. हातात मडकं घेऊन फोटो काढले, मोबाइलवर स्टेटसला ठेवले. संध्याकाळपर्यंत ते जिल्हाभरच्या आयांनी पाहिले. आमच्याकडे मडकं हातात घेऊन कुणी कुठे चालतं, ते सांगायला नको.

दोन दिवसांनी अचलपूरचे एक वडील आले आणि सोनल नावाच्या आपल्या मुलीला सामानासकट घेऊन गेले. सेकंड इयरची मुलगी, वर्गात पहिली. तायडेंनी दोन दिवस जेवण घेतलं नाही, असं त्यांच्या बायकोने नंतर मला सांगितलं. रविवारी सकाळी ते माझ्या दारात उभे.

"पाठक सर, अचलपूरले जाऊन राहिलो. तुमी चला."

"मी कशाला? विषय तुमचा आहे."

"विषय माह्याच हाय," तायडे म्हणाले. "आडनाव तुमचं लागते."

एसटीने गेलो. सोनलचे वडील, गुलाबराव, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते आणि शिकवायचे विज्ञान. तायडेंनी त्यांना अर्धा तास समजावलं. जमिनीवर खडूने आकृती काढली. गुलाबराव माझ्याकडे बघून मान हलवत होते. "आमची काई अंधश्रद्धा नाही सर," ते म्हणाले, "पण पोरीच्या डोक्यावर मडकं म्हंजे... यांच्या लोकाईत चालत असन." चहा आला. मला कपबशीत. तायडेंना कागदाच्या ग्लासात. घरात कप कमी नव्हते, समोरच्या फळीवर ओळीने टांगलेले होते. तायडेंनी चहा घेतला, ग्लास चुरगळून खिशात ठेवला आणि आकृती पायाने पुसली.

मग मी बोललो. म्हणालो, "गुलाबराव, फुटकं मडकं अशुभ. पालथं मडकं घरावर असेल तर दोष नाही, उलट रक्षण आहे. शास्त्रातच आहे." माझा शास्त्राशी संबंध मुंजीपुरता. पण गुलाबरावांचा चेहरा मोकळा झाला. "हे तुमी पयलेच सांगाले पायजे होतं," ते म्हणाले आणि सोनलला हाक मारली. तासाभरात ती बॅग घेऊन आमच्या सोबत एसटीत होती.

येताना तायडे खिडकीशी बसले होते. वलगाव मागे पडल्यावर म्हणाले, "फिजिक्स माह्यं अन् भरवसा तुमचा. जमलं." मी हसलो. त्यांना हसू आलं की नाही, ते मला दिसलं नाही.

मे महिन्यात त्यांनी दोन मेणबत्त्या आणल्या. एक न पेटवताच मुलांच्या वसतिगृहातल्या वरच्या खोलीत ठेवली, तिथे नुसता स्लॅब होता. दुसरी मुलींच्या वरच्या खोलीत. दुपारी तीनला भाऊसाहेबांना नेऊन दाखवलं. मुलांच्या खोलीतल्या मेणबत्तीने मान टाकली होती, पार वाकून टेबलाला टेकली होती. मुलींकडची ताठ. भाऊसाहेब त्या गार खोलीतून लवकर उठेनात. त्यानंतर पाहुणे आले की ते सांगत, "आम्ही इथे एक प्रयोग केला आहे." त्या आम्हीत तायडे नसायचे.

सहा उन्हाळे मुली त्या गच्चीखाली निभावल्या. सोनल पहिली आली. पुढे तिने एम.एस्सी. केलं आणि आता अकोल्याला शिकवते. तायडे रोज दुपारी तीनला दोन्हीकडचं तापमान एका वहीत लिहीत. मुलींच्या वसतिगृहाच्या बाई वरच्या खोलीतला आकडा त्यांना दारातच सांगायच्या. सुट्टीच्या दिवशीही ते येत. मी विचारलं, कशासाठी? म्हणाले, "कोनीतरी इचारन कधी. तव्हा तोंडी सांगून कोन ऐकते?"

कुणी विचारलं नाही. विचारलं ते कॉलेज तपासून गुण देणाऱ्या समितीने, आणि तेही वेगळंच. हरित परिसराला गुण होते आणि वर पदक. भाऊसाहेबांनी सौर पॅनेल घ्यायचं ठरवलं. त्याच्या विजेवर ऑफिस, सभागृह आणि पाहुण्यांच्या खोल्यांचे एसी चालणार. तायडेंचा पॅनेलला विरोध नव्हता. उलट आनंद होता. त्यांनी सांगितलं, मुलांच्या वसतिगृहावर लावा. तिथे नुसता तवा आहे, पॅनेलची सावली पडली तर पोट्ट्यांनाही बरं. पण मुलांचं वसतिगृह मागच्या बाजूला. मुलींचं गेटसमोर. भाऊसाहेब म्हणाले, "समितीला गाडीतून उतरताच दिसलं पाहिजे." आणि पॅनेलचे पाय पक्क्या स्लॅबमध्ये ठोकावे लागतात, मडक्यांच्या पोकळ थरात ते धरत नाहीत. म्हणजे मडकी काढणं आलं.

बैठकीच्या आदल्या दिवशी तायडे माझ्या घरी आले. वही घेऊन. "उन्हाळ्यापर्यंत थांबवा म्हना. मंग कोनालेबी वरच्या खोलीत दुपारी उभं करा. मी म्हनलं त नाही ऐकत. तुमचं ऐकतीन." मी "बघतो" म्हणालो. मला त्या वर्षी उपप्राचार्य व्हायचं होतं. बैठकीत विषय आला, भाऊसाहेबांनी सगळ्यांकडे पाहिलं, माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मी इतिवृत्त लिहीत होतो. एकमताने मंजूर, असं लिहिलं. वही माझ्या पिशवीतच होती.

दिवाळीच्या सुट्टीत मुली घरी गेल्या आणि काम झालं. तायडेंना त्याच आठवड्यात अकोल्याला प्रॅक्टिकल परीक्षांच्या कामाला पाठवलं होतं. पहारीने मडकी फुटतानाचा आवाज मी माझ्या खोलीत बसून ऐकला. दिवसभर चालला. परत आल्यावर तायडेंना गेटातूनच दिसलं. ते प्रयोगशाळेत गेले आणि संध्याकाळपर्यंत एकेक भिंग पुसत बसले. मी दारात जाऊन उभा राहिलो. म्हणालो, "तायडे, माझा नाइलाज होता."

"व्हय ना साहेब," ते म्हणाले.

त्या दिवसापासून मी साहेब झालो. पाच महिन्यांनी ते निवृत्त झाले. निरोपसमारंभाला आले नाहीत, तब्येतीचं कारण कळवलं. वही मी परत द्यायला गेलो नाही आणि त्यांनी मागितली नाही.

त्या मे महिन्यात वरच्या मजल्यावर ओल्या ओढण्या परत निघाल्या. आठ खोल्यांत आठ कूलर चालायला लागले की फ्यूज उडायचा. खाली पाहुण्यांच्या खोल्यांत शाल लागावी इतका गारवा. एवढं सगळं उन्हाच्या विजेवर, धूर नाही, कोळसा नाही, असं मी अहवालात लिहिलं. ते खोटं नव्हतं. खोटं पुढच्या पानावर होतं. पारंपरिक ज्ञान या सदराखाली एक पान कमी पडत होतं. मी मडक्यांच्या गच्चीवर लिहिलं. तायडेंची वही समोर ठेवून लिहिलं. जुना फोटो लावला, मुली मडकी मांडतानाचा. इतकं चांगलं मी त्यापूर्वी काही लिहिलं नव्हतं. ही गच्ची आमच्या परिसराचं भूषण आहे, असा शेवट केला. आहे, होती नव्हे. खाली माझी सही, उपप्राचार्य म्हणून.

कुणी वाचेल असं वाटलं नव्हतं. समितीतल्या एका बाईंनी वाचलं. पुण्याच्या प्राध्यापक. त्यांनी आधीच फोन करून सांगितलं, मडक्यांची गच्ची बघायची आहे, आणि ती करणाऱ्या गृहस्थांना भेटायचं आहे. भाऊसाहेबांनी मला बोलावून सांगितलं, "तायडेला आणा. थर पॅनेलच्या खाली आहे म्हणायचं. बाई काही वर चढत नाहीत."

मी गाडी घेऊन मूर्तिजापूरला गेलो, निवृत्तीनंतर ते तिकडेच राहत होते. तायडे अजूनच वाळले होते. मी अहवालाचं पान त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

"चांगलं लिहिलं हाय," ते म्हणाले. "हे तव्हा मीटिंगमधी बोलले असते त गच्ची राहिली असती."

मी म्हणालो, "तुम्ही फक्त या. बोलायचं काही नाही."

आतून त्यांची बायको म्हणाली, "काई जाऊ नका. काय राहिलं तिथं?" तायडे उठून खुंटीवरचा इस्तरीचा शर्ट काढत होते. "पाहू त द्या कोन बाई हाय थे," ते म्हणाले. "मडकी पाहाची हायत म्हने तिले."

मुलींच्या वसतिगृहाच्या दारात सगळे उभे राहिलो. पुढच्या वर्षीच्या एप्रिलची दुपार. बाई वयाने तायडेंएवढ्याच, हातात माझा अहवाल. त्या तायडेंना म्हणाल्या, "सर, संपूर्ण अहवालात मला हेच पान आवडलं. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर करता येईल का, ते तुम्हाला विचारायचं होतं." तायडेंना सर म्हणणारं कुणी मोठं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं. ते बोलायला लागले. चुना किती दिवस भिजवायचा, मडकं कसं वाजवून घ्यायचं, उतार कुठे ठेवायचा. हातांनी हवेत मडकी मांडत होते. बाई लिहून घेत होत्या. दहाएक मिनिटं तायडे सुखी होते, हे मी खात्रीने सांगतो. भाऊसाहेब घड्याळाकडे बघत होते.

मग बाईंनी वर पाहिलं. "पॅनेल बसवताना त्या थराला धक्का नाही ना लागला?"

तायडेंचे हात थांबले. भाऊसाहेब म्हणाले, "थर खाली सुरक्षित आहे मॅडम. तायडे, सांगा ना."

तायडेंनी भाऊसाहेबांकडे पाहिलं नाही. वरही पाहिलं नाही. बाईंच्या हातातल्या कागदाकडे बोट केलं.

"ह्या साहेबाईनं लिहिलं हाय मॅडम," ते म्हणाले. "त्याइलेच इचारा."

बाई माझ्याकडे वळल्या. त्या खरंच जाणून घ्यायला उभ्या होत्या. खरं सांगायला फार तर एक शब्द लागला असता. तायडेही माझ्याकडे बघत होते, आणि त्या बघण्यात राग नव्हता. अजूनही त्यांना वाटत होतं की मी बोलेन. हे मला तेव्हाच कळलं, आणि तेच मला आजवर सोसत नाही.

"अजिबात धक्का लागलेला नाही," मी म्हणालो.

बाईंनी ते लिहून घेतलं आणि एक शब्द अधोरेखित केला. तायडेंनी त्यांना नमस्कार केला. म्हणाले, "तुमी करा मॅडम तुमच्या तिकळे. पण काम चालू असतानी स्वतः उभ्या राहा." मग चपला घातल्या. मी म्हणालो, "थांबा, गाडी सोडते तुम्हाला." ते थांबले नाहीत. कंपाउंडच्या भिंतीची थोडी सावली होती, तिच्यातून न जाता मधल्या उघड्या रस्त्याने, डोक्यावर रुमालही न घेता, ते गेटाकडे चालत गेले. समिती चहासाठी सभागृहात निघाली होती, म्हणून मीही निघालो.